अक्रोडाच्या घराची वही

शिरूरच्या एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं घाईघाईत मायाच्या हातात भलताच कागद दिला, आणि तिथंच सगळ्याची सुरुवात झाली.

ती आली होती पाओलाच्या मेलची प्रिंट काढायला. दुकानात कॉम्प्युटर एक, गिऱ्हाईक दहा, आणि मार्चचं ऊन डोक्यावर. माया कागद घेऊन बाहेर आली, चालता चालता वाचायला लागली आणि रसवंतीच्या टेबलाशी थबकली. कागद पाओलाचा नव्हताच. तो होता तिच्याच कंपनीच्या शिक्क्याचा. ‘श्री. सत्यजीत, मशीन शॉप. इटली दौरा, मे २००४. मुक्काम : कासा नोचे. स्वयंपाक स्वतः करावा लागेल.’

कासा नोचे. म्हणजे अक्रोडाचं घर. अहो, ते घर मायाचं होतं! तसं तिच्या नावावर नव्हतं, ती तिथं कधी गेलीही नव्हती, पण म्हणून काय झालं? आदल्या वर्षी इटलीची पाओला रांजणगावच्या त्यांच्या फवारणी पंपांच्या कारखान्यात तीन महिने तपासणी शिकवायला आली होती. मायाच्या डब्यातलं खायची, तळेगाव ढमढेऱ्याला मायाच्या घरी येऊन ठेचा खाऊन डोळे पुसायची. कासा नोचे हे इटलीतल्या खेड्यातलं घर पाओलाच्या मावशीचं, सुट्टीवर येणाऱ्यांना आठवड्याच्या बोलीनं द्यायचं. पाओलानं तपासणीच्या कागदामागं त्याचा नकाशा काढून दिला होता. स्वयंपाकघराची खिडकी कुठं, अक्रोडाचं झाड कुठं, चमचे कुठल्या खणात, सगळं मायाला पाठ होतं.

मग कंपनीनं बक्षीस काढलं. वर्षात उत्तम काम करणाऱ्या चौघांना इटली. तीन दिवस तिकडचा कारखाना बघायचा आणि आठवडाभर त्या घरात सुट्टी. हॉटेल नाही, आचारी नाही, आपलं आपण राहायचं. जानेवारीत पर्सोनेलच्या सोपानरावांनी मायाला बोलावून सांगितलं की तुझं नाव पहिलं, पासपोर्ट काढून ठेव. तिनं काढला. आणि आठ दिवसांपूर्वी यादी लागली, तर तिच्यात मायाचं नावच नाही! विचारायला गेली तर सोपानराव फायलीत तोंड घालून म्हणाले, “पुढल्या वर्षी बघू, पोरी.” कारण काही सांगितलं नाही. आता यावर माणसाला राग येणार नाही तर काय येणार?

“तो... तो माझा कागद हाय,” मागून कुणीतरी म्हणालं.

उंच, सावळा, बोटांवर मशीनच्या तेलाचे डाग. हातात पाओलाची मेल, आणि ती त्यानं अदबीनं उलटी धरलेली, वाचू नये म्हणून. मायाला तेही आवडलं नाही. चोरानं सभ्यपणा कशाला दाखवावा?

कागदांची अदलाबदल झाली. तो जाईना. घुटमळला. मग म्हणाला, की तुम्ही क्वालिटीतल्या माया मॅडम ना, त्या इटलीच्या बाईंबरोबर तुम्हीच असायचा ना, मग मला जरा सांगाल का, तिकडं राहायचं कसं, रांधायचं कसं. मी आपला कुरकुंभचा माणूस, शिरूरला खोली करून राहतो, त्यापलीकडं कधी रांधून खाल्लं नाही.

बघा म्हणजे! माझी जागा घेतली, आता माझा नकाशाही पाहिजे. मायाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“सांगते की. लिहून घ्या,” ती म्हणाली. “दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात. तेवढ्यात भूक लागली तर उपाशी राहायचं.”

त्यानं खरंच त्या कागदाच्या पाठीवर लिहून घेतलं. “आन् दुसरं?”

“दुसरं उद्या, कँटीनमध्ये. वही आणा. चिठोऱ्यावर इटली मावत नाही.”

असं आपण का म्हणालो, हे तिला जीपमध्ये बसून तळेगावला पोचेपर्यंत कळलं नाही. पण त्या घराबद्दल बोलायला आठ दिवसांत कुणी मिळालंच नव्हतं, हे मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन हजर. दोनशे पानी, वर पुस्तकाचं कव्हर घातलेलं. मायानं ठरवलं होतं की कामापुरतं बोलायचं आणि चिडूनच बोलायचं. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. ती सांगायची, तो लिहायचा, आणि त्याची भाकरी तशीच राहायची.

बसचं तिकीट बसमध्ये मिळत नाही, आधी तंबाखूच्या दुकानातून घ्यायचं आणि बसमध्ये चढल्यावर यंत्रात घालून छापून घ्यायचं, हे ऐकून तो म्हणाला, की मग तिथला कंडक्टर करतो काय? “नसतोच,” ती म्हणाली. “तिथं माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतात. आपल्याकडच्यासारखं नाही, की आज नाव आणि उद्या गायब.” त्यानं बिचाऱ्यानं तेही वहीत लिहून घेतलं.

भाजीला उघडा हात लावायचा नाही, प्लॅस्टिकचा मोजा घालून उचलायची. रविवारी खेड्यात बस नसते, म्हणून शनिवारीच सामान भरून ठेवायचं. ओव्हन, गिझर आणि इस्त्री एकदम लावली की घराची लाइट जाते, तेव्हा एका वेळी एकच. यावर सत्यजीत पहिल्यांदा मोकळा हसला. म्हणाला, एवढ्या लांब जाऊन लोडशेडिंगच का? हसताना त्याच्या उजव्या गालाला खळी पडायची. मायानं ती पाहिली आणि लगेच पाण्याच्या पेल्यात बघितलं.

त्याच्या आईनं पाच किलो बाजरीचं पीठ बांधायला काढलं होतं. मायानं ते तिथंच हाणून पाडलं. तिकडं मक्याचं पीठ हवं तेवढं मिळतं, त्याची भाकरी करा, हरभऱ्याचं पीठही मिळतं, पिठलं होतं. तांदूळ मात्र लांब दाण्याचाच घ्या, आखूड घेतला तर खिमट होईल. न्यायचंच तर लोखंडी तवा न्या, त्यांच्या तव्यावर भाकरी फुगत नाही. आणि निघताना घर झाडून, कचरा ज्याचा त्याच्या डब्यात टाकून, शनिवारी दहाच्या आत किल्ली द्यायची. “घाण करून आलात तर पाओलाला तोंड मला दाखवायचंय,” ती म्हणाली.

“न्हाई करणार. तुमचं घर समजून राहीन.”

तिनं हातातला घास तसाच खाली ठेवला. ह्याला काय माहीत, कुठं बोट ठेवलं ते!

सगळ्यात अवघड होती ती तिथली शेगडी. जुनी, गॅसची. बटण दाबायचं, काडी लावायची, आणि ज्योत पेटली तरी बटण सोडायचं नाही. दहा अंक मोजायचे. आतला खिळा तापला की मगच हात काढायचा, घाई केली की विझते. मायानं ते टेबलावर मिठाची बाटली घेऊन करून दाखवलं. तो म्हणाला, पुन्हा दाखवा. तिनं पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा त्यानं स्वतः बाटलीवर बोट ठेवलं आणि तिच्याकडं बघत मोजायला लागला.

“सहा... सात... आठ...”

“माझ्याकडं काय बघताय? शेगडीकडं बघा.”

“शेगडी कुठं हाय? मीठ हाय.”

तिला हसू फुटलं. आणि हसू फुटलं म्हणून राग आला. आपण ज्याच्यावर चिडलोय, त्याच्यासाठी रोज केस नीट विंचरून यायचं, ह्याला काय म्हणावं? गुरुवारी तो सेकंड शिफ्टला होता, तर कँटीन कसं ओकंओकं वाटलं. पाओलाची मेल सांगायची राहिली, असं तिनं स्वतःला समजावलं. मेल तर आलीच नव्हती.

तीन आठवडे असे गेले. वही अर्धी भरली. आणि मग एका दुपारी, कँटीनचे पंखे नुसते घरघरत असताना, सत्यजीत वहीच्या कोपऱ्याला घडी घालत म्हणाला, “एक विचारू? म्हंजी... लग्न झाल्यावर तुम्ही पण जा की तिकडं. जोडीनं. तुम्हाला जास्त शोभंल ते घर.”

“कुणाचं लग्न?”

“तुमचं.” तो टेबलाकडं बघत होता. “ठरलंय ना?”

“कुणी सांगितलं?”

मग ते हळूहळू बाहेर आलं. फेब्रुवारीत तो तळेगावच्या आठवडी बाजाराला आला होता. शिरूरहून, भाजी घ्यायला. शिरूरला भाजी मिळत नाही का, असं मायानं विचारलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. भाजी ही सबब होती. तिचं घर बाजाराच्या वाटेवर आहे, एवढं त्याला कळलेलं होतं. तर त्या दिवशी मायाच्या दारात जीप उभी होती. पांढऱ्या टोप्यांची सहा माणसं ओसरीवर बसली होती. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या, नारळ होता, कुंकवाचं ताट होतं, आणि दारात मायाची आई पदरानं डोळे पुसत होती.

“मग मी काय समजणार?” तो म्हणाला. “गवार घेतली आन् परत आलो.”

मायानं पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

“ती माणसं म्हशीची होती,” ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली. “आमची चांदी विकली त्या दिवशी. कुरकुंभकडचीच होती, तुमच्याच बाजूची. आमच्याकडं जनावर दुसऱ्याच्या दावणीला जायचं तर त्याला कुंकू लावतात, नारळ देतात, न्यायला आलेल्यांना खायला घालतात. आईनं पारडी असल्यापासून वाढवलेली म्हैस, ती रडणार नाही तर काय गाणं म्हणणार?”

सत्यजीतचा चेहरा उजळला आणि दुसऱ्याच क्षणी पार उतरला. त्याला काहीतरी आठवलं होतं.

“मी बोललो ते,” तो पुटपुटला. “दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये. सोपानराव शेजारी होते. मला करमत नव्हतं, तर बोलून गेलो... की क्वालिटीतल्या मायाचं लग्न ठरलं वाटतं.”

म्हणजे असं होतं तर! ह्या माणसाला करमत नव्हतं, म्हणून मायाचं नाव कटलं. सोपानरावांनी ऐकलं, मान डोलवली, लग्न ठरलेली पोर परदेशात कशी धाडायची असं मनाशीच ठरवलं आणि रेघ मारली. तिला कुणी विचारलं नाही, तिच्या घरी कुणी विचारलं नाही. एक जीप, सहा टोप्या, सहा बश्या पोहे, एवढ्यावर तिची इटली गेली!

“पहिलं नाव माझं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही जाताय ती जागा माझी हाय.”

एरवी ती ‘आहे’ म्हणायची. त्यानं मान वर केली तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं होतं. तिनं डबा न संपवताच मिटला, वही त्याच्या हाताखालून ओढून घेतली आणि तरातरा निघून गेली. रात्री आई भागुबाईंनी दोनदा विचारलं, काय झालं. ती म्हणाली, मीठ जास्त झालंय. जेवणात मीठ बरोबर होतं.

सकाळी ती सरळ सोपानरावांच्या केबिनमध्ये. त्यांच्या टेबलावर लाल टॅग पडलेला होता. कारखान्यात खराब निघालेल्या पार्टला बांधतात तसला. रोज पन्नास वेळा माया असले टॅग स्वतः लिहायची. ह्याच्यावर अक्षर मात्र सत्यजीतचं होतं : ‘दोष – न तपासता बोललो. मायाचं लग्न ठरलेलं नाही. जबाबदार – मी. दौऱ्यातून माझं नाव काढावं.’

सोपानराव म्हणाले, “पोरगा सकाळी सातलाच येऊन बसला व्हता. घे, सुटला तुझा प्रश्न.”

सुटला? मायाचा पारा आणखीच चढला. ती म्हणाली, की तो सोडतोय म्हणून मला नको. कुणाचं उष्टं घ्यायला मी आलेली नाही. माझी जागा माझ्या कामाची आहे, ती तुम्ही काढलीत, तुम्हीच परत लावा. आणि लग्न ठरलं असतं तरी काय बिघडलं असतं? मशीन शॉपमधल्या बाप्याचं ठरलं असतं तर त्याचं नाव कापलं असतंत का?

सोपानराव मनानं वाईट नव्हते, तीच तर अडचण होती. ते कळवळून म्हणाले, “पोरी, मी तुझ्या घरचा इचार केला गं. तुझ्या आप्पांना अडचण नको.”

“मग आप्पांनाच विचारा.”

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. हौसराव म्हणजे तिचे वडील. उसाचं पाणी भावकीतल्या माणसावर सोपवून, धुतलेला सदरा घालून कंपनीच्या गेटवर अर्धा तास उभे राहिले, पास मिळेपर्यंत. केबिनमध्ये खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“साहेब,” ते म्हणाले, “माझ्या लेकीचं लगीन ठरलं की पहिला पेढा तुमच्या हातावर ठेवीन. अजून ठरलं न्हाई. आन् ठरलं असतं तरी तिची वाट तुम्ही माझ्या नावानं का अडवली? मला तर तुम्ही इचारलंबी न्हाई.”

मग सोपानराव उठले, स्वतः बोर्डापाशी गेले, काच उघडली आणि आपल्या पेनानं यादीत सगळ्यात वर मायाचं नाव लिहिलं. जागा चारच होत्या. खालचं एक नाव खोडताना त्यांचा हात जरा थांबला. माया काचेपाशी उभी राहून ते बघत होती. मिळालं की सगळं! मग नजर पुन्हा पुन्हा सत्यजीतच्या त्या खोडलेल्या नावाकडंच का जात होती?

एप्रिलभर सत्यजीत कँटीनमध्ये दिसला नाही. शिफ्ट बदलून घेतली म्हणे. मायानं त्याला माफ केलेलं नव्हतं, पण माफी मागायला तरी यावं की नाही माणसानं? एकदा लाल टॅग लिहिला की झालं का? बरं, वही तिच्याच हँडबॅगेत पडून होती, आणि ती त्याची होती. शेवटी एक दिवस तिनं ती मशीन शॉपमध्ये पाठवून दिली. चिठ्ठी नाही, काही नाही.

निघायच्या दिवशी कंपनीच्या गेटवर मुंबईची गाडी लागली. चौघांच्या घरची माणसं, हार, पिशव्या. असेंब्लीच्या सीमाताई मायाला खिडकीची जागा देत होत्या. तेवढ्यात तो आला. पायजम्याच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं पुढं केलं.

“आईचा तवा हाय,” तो म्हणाला. “चांगला तापलेला... म्हंजी वापरातला. आन् ही वही. तुम्हालाच लागंल.”

“मला सगळं पाठ आहे.”

“ठाऊक हाय. तरी ठेवा.”

देताना बोटं बोटांना लागली. दोघांनीही ती लगेच काढली नाहीत. माया मनातल्या मनात मोजत होती की काय कोण जाणे. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा तो बाजूला झाला.

अक्रोडाचं घर होतं तसंच निघालं. खिडकी तिथंच, चमचे त्याच खणात. खालच्या उतारावर द्राक्षाचे वेल, आणि बारीक रिमझिम आली की स्वयंपाकघरात ओल्या गवताचा वास यायचा. पण मायाला कशात गोडी वाटेना. तिथं पहिल्याच संध्याकाळी तिनं शेगडी लावली. बटण दाबलं, काडी लावली, दहा मोजले आणि सोडलं. विझली. पुन्हा दहा मोजले, पुन्हा विझली. इतक्या तोऱ्यात शिकवलेलं साफ चुकलं होतं, आणि त्यावर भांडायला माणूस नव्हता! तिसऱ्या वेळी तिनं वीसपर्यंत धरून ठेवलं, तेव्हा ज्योत टिकली.

मक्याची भाकरी त्याच्या आईच्या तव्यावर टम्म फुगली. सीमाताई वाहवा करत होत्या. माया वही उघडून बसली, चूक दुरुस्त करायला. पानं उलटता उलटता शेवटच्या पानावर आली, तर तिथं त्याचं अक्षर.

‘शेवटची सूचना. घर नीट बघून या. सकाळी कसं दिसतं, पाऊस पडला की कसं दिसतं. आल्यावर मला सांगा. मी शेगडीसारखं दहा मोजून बघितलं, विझलं नाही. पण मी तुमचं एकदा नुकसान केलंय. म्हणून एवढं ऐकायचंय, बाकी काही मागणार नाही. – सत्यजीत’

मायानं ते दोनदा वाचलं. बाकी काही मागणार नाही म्हणे! का नाही मागणार? कुणाला विचारून ठरवलं? लग्न ठरलं हे ह्यानंच ठरवायचं, मागायचं नाही हेही ह्यानंच ठरवायचं, आणि तिला विचारायचं नाहीच! ती इतकी संतापली की सीमाताईंनी विचारलं, बाई गं, भाकरी करपली का? मायानं वही मिटून तिच्यावर हात ठेवला. पुढचे सगळे दिवस तिनं ते घर दोघांच्या डोळ्यांनी बघितलं. सकाळचं, दुपारचं, पाऊस पडतानाचं. कुणाला तरी सांगायचं होतं ना.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत मशीन शॉपच्या दारात जाऊन उभी राहिली. आतल्या मशिनी थांबल्या होत्या, माणसं हात पुसत होती. सत्यजीत बाहेर आला. वाळला होता जरा. तिनं तव्याचं गाठोडं त्याच्या हातात दिलं.

“कसं हाय घर?” त्यानं हळूच विचारलं.

“दहा मोजून काही होत नाही,” माया म्हणाली. “वीस लागतात. मी चुकीचं सांगितलं होतं, वहीत दुरुस्त केलंय.”

“बरं.”

“काय बरं? शेवटच्या पानावरचंही चूक आहे. मागणार नाही, हे तुम्ही कोण ठरवणारे? मला विचारलंत?”

त्यानं गाठोडं ह्या हातातून त्या हातात घेतलं. गालातली खळी पडावी की पडू नये, अशी अडून राहिली होती.

“वीस मोजलेत का तुम्ही?” तिनं विचारलं.

“वीस? ... फेब्रुवारीपासनं मोजतोय मी.”

मायाला आता चिडायला काही उरलं नव्हतं, तरी तिनं आवाज तसाच कडक ठेवला. तेवढा तरी तिचा हक्क होता.

“मग रविवारी घरी या. सकाळी, आप्पा असतात तेव्हा. एकटे येऊ नका, जीप करून या. टोपीवाली सहा माणसं आणा तुमच्या कुरकुंभची. आई पोहे करील.”

“आन् लोक काय समजतील?” त्यानं विचारलं.

“समजू देत,” ती म्हणाली. “आमच्या गोठ्यात आता विकायला एकही म्हैस नाही.”